रंजिताला पाहायला आलेली माणसं

मुर्री, गोंदिया
९ ऑगस्ट २०१२

प्रति,
नाडा, म्हणजे खेळातली उत्तेजकं पकडणारी राष्ट्रीय संस्था,
नवी दिल्ली

महोदय,

हे पत्र मी मुद्दाम मराठीत लिहीत आहे. इंग्रजी मला येतं. नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर लोकांनी हातावर पट्ट्या मारून ते शिकवलं आहे, आणि तुमच्या नोटिशीतल्यापेक्षा ते नक्कीच बरं आहे. पण जिच्यावर तुम्ही ठपका ठेवता त्या मुलीच्या घरची भाषा मराठी आहे. तेव्हा थोडे कष्ट तुम्हीही घ्या.

मुलगी म्हणजे माझी भाची, रंजिता यादोराव मेश्राम, वय वीस. ती स्टीपलचेस धावते. धावता धावता लाकडी आडवे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायचा, अशी ही तीन हजार मीटरची शर्यत असते. अर्जुनी मोरगावकडे माझ्या भावाच्या धानाच्या बांध्या आहेत. त्यांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधांवरून, उड्या मारतच ही पोरगी मोठी झाली, त्यामुळे चिखलपाण्याचं तिला काही वाटत नाही. मागच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती चौथी आली. गोंदियाच्या स्टेडियमवर सराव करायचा म्हणून माझ्याकडे राहते.

तुमची नोटीस म्हणते की रंजिता दोनदा तपासणीला सापडली नाही. अठरा महिन्यांत आणखी एकदा असं झालं, तर तिने औषध घेतल्यासारखंच धरून तिला एक-दोन वर्षं खेळू देणार नाही. जुलैची चूक मान्य आहे. ती बापाच्या धानाच्या रोवणीला गेली आणि तुम्हाला कळवायला विसरली. त्याबद्दल मी तिला जे बोलायचं ते बोलले आहे. पण ५ ऑगस्टची गोष्ट धडधडीत खोटी आहे. रोज सकाळी सहा ते सात ती माझ्या घरी सापडेल, असं तिने तुम्हाला लिहून दिलेलं आहे. त्या दिवशी मी स्वतः पहाटेपासून फाटकात उभी होते. कारण असं की, साकोलीचे पाहुणे मुलगी पाहायला कोणत्याही दिवशी येतील, अशी माझ्या भावाने मला धमकी दिली होती. आणि पुढची राष्ट्रीय स्पर्धा होईपर्यंत हिला कोणी पाहणार नाही, असं मी ठरवलं होतं. ते खरंच आले. एक पुरुष, एक बाई, न कळवता, सहाच्या ठोक्याला. मी त्यांना वाटेला लावलं. त्यांच्याखेरीज आमच्या फाटकात कुत्रंसुद्धा आलं नाही.

तेव्हा तुमचे अधिकारी त्या सकाळी कुठे झोपले होते ते शोधा, आणि ही दुसरी नोंद खोडून तसं लेखी कळवा.

कु. अल्का मेश्राम
निवृत्त उद्घोषिका, गोंदिया जंक्शन


नवी दिल्ली
२३ ऑगस्ट २०१२

माननीय महोदया,

आपले पत्र मिळाले. कार्यालयात मराठी वाचणारा मी एकटाच असल्याने ते चार टेबलांवरून फिरून माझ्याकडे आले. खेळाडू कुठे सापडतील याची माहिती ठेवणे, एवढेच माझे काम. निर्णय वरिष्ठांचे असतात.

५ ऑगस्टला आमचे अधिकारी आपल्या घरी आले होते. त्यांच्या अहवालातला भाग मराठी करून देतो :

"मी व महिला सहायक सहा वाजता पोचलो. सोबत निळी पेटी होती. फाटकात एक वृद्ध महिला होती. आम्ही रंजिताला भेटायचे आहे असे सांगितले. काम विचारल्यावर, ते खासगी आहे, तिलाच सांगू, असे म्हणालो. त्यावर महिलेने सांगितले की रंजिता इथे राहत नाही, तिला इतक्यात लग्न करायचे नाही, आणि ज्या घरची माणसे न कळवता सकाळी सहाला उगवतात त्या घरात ती शेण काढायलाही जाणार नाही. आम्ही समोरच्या टपरीवर सात वाजेपर्यंत थांबलो. खेळाडू दिसली नाही."

महोदया, आपण ज्यांना वाटेला लावले ते साकोलीचेच होते, याची आपल्याला खात्री आहे का?

आपला विश्वासू,
धनेंद्र टेंभरे


मुर्री
१ सप्टेंबर २०१२

श्री. टेंभरे,

वृद्ध! मी बासष्ट वर्षांची आहे. माझे सगळे दात माझे आहेत, आणि तुमच्या त्या अधिकाऱ्याला टपरीवर तिसरा चहा पिताना मी चष्म्याशिवाय पाहिलं आहे.

तुमचं पत्र मी रंजिताला वाचून दाखवलं. मी रागावले होते आणि ती हसत हसत भिंतीला टेकून खाली बसली. मग नोटीस मागून घेतली आणि पुन्हा वाचली. "आत्या, म्हणजे आता एकच संधी उरली ना वो?" असं म्हणाली. म्हणून मी लगेच हे लिहायला बसले.

झालं ते असं. तो माणूस म्हणाला, "रंजिता आहे का? जरा भेटायचं होतं." मी विचारलं, काम काय? तर म्हणे खासगी. सोबतची बाई घराकडे टकामका बघत होती. मी विचारलं, आधी निरोप का नाही पाठवला? तर म्हणे, "आमच्याकडे आधी सांगायची पद्धत नाही." आता तुम्हीच सांगा, यावरून कोणत्या शहाण्या माणसाला हे सरकारी लोक वाटतील? मला तर वाटलं, हे फारच माजलेले सोयरे आहेत. ते टपरीवर ठाण मांडून बसले तेव्हा माझी खात्रीच पटली. मी रंजिताला मागच्या दाराने बाहेर काढलं आणि म्हटलं, जा, पांगोली नदीपर्यंत धावून ये, आठच्या आत तोंड दाखवू नकोस.

तर चूक कोणाची? ज्यांनी तोंड उघडून नीट सांगितलं नाही त्यांची. ती नोंद खोडा.

दुसरं. माझा भाऊ यादोराव फोनवर विचारतो, "काऊन वो बाई? आपल्या पोरीवर संशय कायचा? भात आन् जवसाची चटणी, एवढंच तं खाते थे." मीही तेच विचारते. आणि यायचं असेल तर सभ्य माणसांसारखं आठ दिवस आधी पत्र टाकून का येत नाही?

तुम्ही टेंभरे, म्हणजे आमच्याच बाजूचे. तुमच्या आईने असल्या पाहुण्यांना आत घेतलं असतं का, ते तिलाच विचारून मला कळवा.

अल्का मेश्राम


नवी दिल्ली
१७ सप्टेंबर २०१२

मा. मेश्राम मॅडम,
नमस्कार.

हे पत्र खात्याचे नाही, माझे आहे. पण खेळाडूच्या घरच्यांशी चोरून लिहिणे आमच्याकडे चालत नाही, म्हणून साहेबांना दाखवून मगच पाठवतो आहे. तुमचीही पत्रे त्यांना हिंदीत सांगतो. शेण काढण्याचा भाग त्यांनी दोनदा सांगायला लावला.

मी तिरोड्याचा. आई सुखवंता तिथेच असते. तिला विचारले. ती म्हणाली, "मी तं काठीच उचलली असती." तरीही नोंद खोडली जाणार नाही. समितीसमोर मी तुमचे म्हणणे मांडले, सगळे हसले, आणि नोंद कायम राहिली. खेळाडूला त्या तासात हजर ठेवायची जबाबदारी खेळाडूचीच, असा नियम आहे. गोंदियाची म्हणून मी तो वाकवला, तर बंगालच्या एखाद्या मुलीला मी काय सांगू?

आधी पत्र टाकून का येत नाही, याचे उत्तर सोपे आहे. काही औषधे अंगात थोडेच दिवस सापडतात. आठ दिवस मिळाले की अपराधी मोकळा होतो. म्हणून आम्ही असे अवेळी उगवतो. निळ्या पेटीत बंद केलेले संच असतात, त्यातला एक खेळाडूने स्वतः निवडायचा. लघवीचा नमुना दोन बाटल्यांत भरून सील होतो, एक तपासायला आणि एक वाद झालाच तर. नमुना देताना आमची बाई आत समोर उभी राहते. लाज वाटते, मला कळते. पण लोकांनी दुसऱ्याची लघवी फुग्यात लपवून आणलेली आहे, म्हणून उभे राहावे लागते.

आता तुम्ही काय करायचे? सहा ते सात जो कोणी येईल त्याला ओळखपत्र विचारायचे, घरात घ्यायचे आणि रंजिताला समोर आणायचे. तिला कुठे जायचे असेल तर आधी मोबाइलवरून कळवायचे. जुलैपासून अठरा महिने, म्हणजे २०१४ च्या जानेवारीपर्यंत, एवढे सांभाळा.

तुमचा,
धनेंद्र


मुर्री
२५ नोव्हेंबर २०१२

चि. धनेंद्र,
सप्रेम जय भीम.

तुझ्या सूचनांचं मी अक्षरशः पालन केलं. त्याचे परिणाम कळवते.

गेल्या रविवारी सहा वाजून गेल्यावर फाटक वाजलं. एक पुरुष, एक बाई, आणि मागे शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला एक तरुण. "रंजिताचं घर हेच ना?" मी म्हटलं, "हेच! या, या. तुमचीच वाट पाहत होतो." त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं. त्यांना खुर्च्या दिल्या आणि म्हटलं, "आधी ओळखपत्र."

पुरुष गोंधळला. तरी बिचाऱ्याने खिशातून मतदान कार्ड काढून दिलं. मी म्हटलं, दिल्लीचे लोक सुधारले, साधेपणाने वागायला लागले. कार्ड उलटसुलट पाहून परत केलं. तोवर रंजिता आली. रविवारची उशिरा उठून ती दोन तांबे पाणी प्यायली होती. बाईंच्या मांडीवर एक डबा होता. रंजिता म्हणाली, "एकच आणलात? मला तीनातून निवडायचा असतो." मग तिने तो उचलून चारी बाजूंनी न्याहाळला आणि म्हणाली, "आत्या, याचं सील उघडलेलं आहे. हा मी घेणार नाही."

बाई म्हणाल्या, "अवं, पेढे आहेत. वाटेत पोराले एक देल्ला."

इथे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला वाटलं, ही कसली तरी युक्ती असेल, खेळाडूची परीक्षा घेण्याची. मी म्हटलं, "ते राहू द्या, आपण कामाचं बघू. चला बाई, तुम्ही हिच्याबरोबर आत चला. तुम्हाला समोर उभं राहून पाहावं लागतं ना?"

"काय पाहाव लागते?"

"लघवी करताना."

धनेंद्र, ती बाई रंजिताच्या मागोमाग मोरीपर्यंत गेली सुद्धा! नंतर म्हणाली, तिला वाटलं आमच्या घराण्याचीच अशी रीत असेल, आणि पोरगी गोरी आहे, नोकरी लागेल, म्हणून चालवून घ्यावं. मोरीच्या दारात रंजिताने विचारलं, "मॅडम, तुमचे हातमोजे?" तेव्हा कुठे सुशिलाबाईंनी किंकाळी फोडली. सुशिलाबाई म्हणजे साकोलीच्या मुलाची आई. ते खरे साकोलीकर होते.

चहा न घेता गेले. पेढे मात्र विसरून गेले.

संध्याकाळी यादोरावचा फोन. "काऊन वो बाई, पाव्हन्याईले तुनं मोरीत कायले नेलं?" मी सांगायला लागले, नियम आहे, दिल्लीहून पत्र आलं आहे. तो म्हणाला, "दिल्लीवाले पाव्हन्याईले मोरीत न्या म्हनून लिहून राहिले?" मी फोन ठेवला. शेजारची धुरपता आता रोज सकाळी कुंपणावरून विचारते, "आज कोनाले नेतोस वो?"

रंजिता खुशीत आहे. बाप म्हणतो, आता वर्षभर तरी कोणी फिरकणार नाही.

पण माझ्या प्रश्नाचं उत्तर तू टाळलंस. काऊन? आमच्या पोरीनेच हे सगळं काऊन सोसायचं?

अल्काआत्या

ता.क. हे ऐकणाऱ्या साहेबांसाठी : हसून झालं असेल तर आपल्या अधिकाऱ्यांना एक ठळक बिल्ला द्या.


नवी दिल्ली
१२ डिसेंबर २०१२

आत्याबाई,
नमस्कार.

साहेब खुर्चीतून उठून बाहेर गेले, कारण त्यांना पाणी प्यावे लागले. बिल्ल्याचे त्यांनी मनावर घेतले आहे.

तुमच्या 'काऊन'चे उत्तर मी टाळले नव्हते, मला ते नीट सांगता येत नव्हते. आता प्रयत्न करतो. नोकरी लागली तेव्हा मला वाटायचे, आपण चोर पकडतो. पकडतोही. एखाद्या कोचने पोराला ताकदीची सुई म्हणून टोचलेली असते, एखाद्याने स्वतः दुकानातून घेतलेली असते. त्या फायली जड असतात, कारण बहुतेकांचे घर आपल्यासारखेच असते. पण आता काम करताना डोळ्यांसमोर वेगळेच कोणी तरी येते. एखाद्या लहान गावची मुलगी. तिने काही घेतलेले नाही. ती जीव तोडून धावते आणि चौथी येते. पुढच्या तिघींपैकी एकीने सुई घेतलेली असते, पण ते कोणाला कधी कळत नाही. ही मुलगी रेल्वेच्या साध्या डब्यातून घरी जाते आणि तिला वाटते, आपणच कमी पडलो. तिला आम्ही ओळखत नाही आणि तिचे नाव कुठे छापून येत नाही. तिच्यासाठी रंजिताची तपासणी करायची, आणि रंजितासाठी बाकीच्यांची.

एवढेच.

तुमचा,
धनेंद्र


मुर्री
३ जानेवारी २०१३

चि. धनेंद्र,

ती चौथी आमचीच होती.

त्या रात्री स्टेशनवर मीच तिला घ्यायला गेले होते. ती म्हणाली, "आत्या, माझ्यात दमच नाही." मी तिला धपाटा घातला आणि घरी आणलं. बाकी काही करता आलं नाही.

या. पाहिजे तेव्हा या. रोज या.

अल्काआत्या


मुर्री
१९ फेब्रुवारी २०१३

चि. धनेंद्र,

आले तुझे लोक. काल. सगळं सांगते, कारण तुमच्या अहवालावर माझा विश्वास नाही.

काल दाट धुकं होतं. सहाच्या सुमारास एक नवीन अधिकारी आणि एक बाई आली. दोघांच्या छातीवर बशीएवढा बिल्ला. मी आनंदाने त्यांना आत घेतलं आणि रंजिताला हाक मारली. रंजिता घरी नव्हती. पहाटे धावायला जाते आणि सहाच्या आत परत येते. कधी चुकत नाही. काल आली नव्हती.

अधिकारी म्हणाला, "आम्ही सातपर्यंत थांबू." भला माणूस, पण घड्याळ मांडीवर काढून ठेवलं. रंजिताचा मोबाइल खाटेवर. मी फाटकात जाऊन कान दिला, तर रेल्वे फाटकाकडून इंजिनाचा नुसता धापा टाकल्याचा आवाज. मी जन्म गोंदिया जंक्शनवर काढला आहे, मला कोणी सांगावं लागत नाही. मालगाडी फाटकावर उभी आहे, सिग्नल नाही, आणि पोरगी पलीकडे अडकली आहे. डब्याखालून सगळं गाव वाकून येतं, पण ती येणार नाही, कारण तिने तसं केलं तर तंगडी मोडीन, असं मीच तिला बजावलं आहे. आणि पाच-दहा मिनिटांनी काय बिघडतं, म्हणून ती तिकडे आरामात उभी असणार. इकडे तिचं वर्ष बुडत चाललेलं तिला काय माहीत?

मी चपला न घालता बुद्धविहाराकडे निघाले. शामकला विहाराची झाडलोट करत होती. तिला म्हटलं, भोंगा लाव. ती म्हणाली, "वंदनेले वेळ आहे ना." मी म्हटलं, "लाव!"

अधिकारी मागे धावत आला. "मॅडम, हे गोपनीय असतं! गावाला कळता कामा नये!"

"गावाला काय कळायचं राहिलंय?" मी म्हटलं आणि माइक हातात घेतला.

तीन वर्षं झाली होती निवृत्त होऊन. पण आवाज जागच्या जागी होता.

"कृपया लक्ष द्या. रेल्वे फाटकापलीकडे उभ्या असलेल्या कुमारी रंजिता यादोराव मेश्राम यांनी लक्ष द्यावे. आपल्याला भेटायला दिल्लीची माणसे घरी आलेली आहेत. मालगाडीला सिग्नल मिळण्यास विलंब आहे. आपण गाडीखालून येऊ नये. गार्डच्या डब्याला वळसा घालून, रूळ दोन्हीकडे पाहून ओलांडावा आणि तात्काळ घरी यावे. असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत." मग हिंदीत. मग इंग्रजीत. इंग्रजीतून कशाला, असं शामकला विचारत होती. सवय, दुसरं काय!

तिसऱ्या वेळेला मी थांबले आणि बाहेर आले. अर्धी मुर्री रस्त्यावर. ऑटोवाला ओरडला, "कौन सी गाड़ी आ रही है, दीदी?" धुरपता म्हणाली, "पोरगी येऊन राहिली!"

आणि आली, धनेंद्र. धुक्यातून, रस्ता सोडून, सरळ बांध्यांमधून. उन्हाळी धानाला पाणी सोडलेलं होतं. एक धुरा, उडी, चिखल, दुसरा धुरा, उडी. तिला मी स्टेडियमवर धावताना खूपदा पाहिलं आहे, पण अशी नाही. लोक टाळ्या वाजवत होते. ती गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून अंगणात शिरली तेव्हा अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "सात वाजायचे आहेत अजून." मी त्या माणसाचा हात धरला आणि सोडायला विसरले.

पुढची गंमत तुला ठाऊक असेलच. इतकं धावल्यावर पोरीला लघवी होईना. पाणी दे, पाणी दे. बिल्ल्याची बाई तिला क्षणभर नजरेआड होऊ देईना. अंगणात सगळं गाव बसलेलं. दहा-दहा मिनिटांनी धुरपता विचारे, "झाली का वो?" पहिल्यांदा बाटलीत थोडीच भरली, म्हणून पुन्हा थांबायचं. मी पाहुण्यांसाठी पोहे केले, तर ते म्हणाले, आम्हाला काही घेता येत नाही. घेऊ नका, पण निदान चांगला वास आला म्हणा! शेवटी रंजिता आतून ओरडली, "आत्या, झालं!" आणि अंगणात अशा टाळ्या पडल्या की बैल बिथरले.

आता निकाल काय तो लगेच कळव.

अल्काआत्या


नवी दिल्ली
११ मार्च २०१३

आत्याबाई,
नमस्कार.

निकाल मी तुम्हाला कळवू शकत नाही. तो फक्त खेळाडूला कळवतात. तुम्ही रागावणार, हे साहेबांना मी आधीच सांगून ठेवले आहे.

अधिकाऱ्याच्या अहवालात एक ओळ आहे : "खेळाडूस नातेवाइकाने तीन भाषांत, ध्वनिवर्धकावरून सूचना दिली." फॉर्ममध्ये यासाठी रकाना नव्हता. भेट वेळेत झाली, असे समितीने मान्य केले. तिसरी नोंद नाही.

सप्टेंबरमध्ये रांचीला राष्ट्रीय स्पर्धा आहे. तुम्ही जाणार असालच.

धनेंद्र


रांची
१० सप्टेंबर २०१३

चि. धनेंद्र,

हे पत्र मी स्टेडियममधल्या एका बाकावर बसून, पर्स मांडीवर घेऊन लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस.

शर्यत दुपारी उशिरा झाली. ऊन समोरून डोळ्यांत, आणि माझी जागा पाण्याच्या खड्ड्याजवळ, म्हणजे शेवटच्या रेषेच्या अगदी दुसऱ्या टोकाला. प्रत्येक फेरीला आमची पोरगी समोरून गेली तेवढी दिसली. शेवटच्या फेरीला पाण्यावरून पाच जणी एकाच झुंडीत गेल्या. इतरजणी पाण्यात धपकन पडत होत्या, ही धुरा ओलांडावा तशी गेली. त्यानंतर नुसती गर्दी, आरडाओरडा, आणि रेषेपलीकडे गवतावर पडलेल्या पाच पोरी. कोण कितवी? फलकावर नावं येईनात. लाउडस्पीकरवरचा माणूस असे शब्द खाऊन बोलत होता की मला त्याच्या हातातून माइक काढून घ्यावासा वाटला.

माझ्या शेजारी रांचीचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते, जन्मभर हॉकी खेळलेले. मी त्यांना विचारलं, "भाईसाहब, कुछ पता चला?" ते म्हणाले, "ठहरिए बहनजी. अभी वो बिल्लेवाली औरतें आएँगी। पहली तीन को ही ले जाती हैं।"

आणि त्या आल्या. तीन बायका, छातीवर बिल्ला. पहिली एका उंच मुलीजवळ थांबली. दुसरी पडलेल्यांमधून वाट काढत पुढे गेली, वाकली, आणि एका पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. पोरीने मान वर केली. रंजिता!

मी बाकावर उभी राहिले. या वयात. "पकडलं! तिला पकडलं! आमच्या रंजिताला पकडलं!" लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. एक हवालदारही आला. मी तोवर यादोरावला फोन लावला होता.

"यादो, पकडली तिला!"

"कोनं? पोलिसाईनं?"

"नाही रे, नाडानं!"

तिकडून रडवेला आवाज : "बाई, म्या तं तुले म्हनलो होतो, साकोलीचं स्थळ चांगलं होतं."

त्याला समजावून सांगायला मला वेळ लागला. तोपर्यंत फलकावर नावं आली होती. ती दुसरी आली आहे. रौप्यपदक. मग यादोराव फोनवर नुसता "हो का, हो का" म्हणत राहिला, आणि मागे बायका ओरडताना ऐकू येत होत्या.

चौथी आलेली मुलगी गवतावर एकटीच बूट काढत बसली होती. तिच्याजवळ कोणी आलं नव्हतं. मी गेले आणि तिला पाण्याची बाटली दिली. तिने विचारलं, "आप किसके साथ हैं?" मी म्हटलं, दुसऱ्या नंबरवालीची आत्या. तिने तोंड फिरवलं. तेव्हा मी तिला म्हटलं, "बेटी, दिल छोटा मत कर. पहले तीनों की जाँच होने दे. हमारीवाली की भी." तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायली.

आता मी तपासणीच्या खोलीबाहेर बसले आहे. आत तीन पोरी, तीन बिल्लेवाल्या, आणि पाण्याच्या बाटल्या. पदकांचा कार्यक्रम त्यांच्यासाठी खोळंबला आहे. मंत्री घड्याळ बघत आहेत. बघू देत. दार मघाशी थोडं उघडं राहिलं होतं, आतून पोरींच्या हसण्याचा आवाज येत होता. रंजिता ओल्या पायांनी खुर्चीवर बसली होती, आणि तुमची ती बाई तिच्या दंडाला धरून शेजारी बसली होती. आणि, धनेंद्र, तिने तो दंड सोडू नये, असं मला मनापासून वाटलं.

अल्काआत्या